वधूपक्षाच्या खोलीतला शोधनिबंध

“आधी फोटो, मॅडम! पेपर काय, नंतर होत राहील,” असं म्हणत परिषदेचे आयोजक डॉ. नवलाखेंनी निळ्या फितीचा बिल्ला माझ्या हातात ठेवला. बिल्ल्यावर माझं नाव होतं, प्रा. प्रणिता गावंडे, आणि त्याखाली इंग्रजीत ‘आंतरराष्ट्रीय प्रतिनिधी’. मी तो गळ्यात घातला आणि खरं सांगते, अंगावर शहारा आला. मी अठ्ठावीस वर्षांची होते. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती, आणि आयुष्यातला पहिला शोधनिबंध मी त्या दिवशी वाचणार होते, तोही आंतरराष्ट्रीय परिषदेत. आठवडाभर मी घरात भाषण इतक्या वेळा घोकलं होतं की माझ्या आईला ‘पॅरासाइट’ हा शब्द पाठ झाला होता.

परिषद अकोल्याला होती, बायपासजवळच्या एका मंगल कार्यालयात. पितृपंधरवडा चालू होता, त्यामुळे कार्यालय रिकामं मिळालं असणार. स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या तशाच ठेवलेल्या होत्या आणि त्यांत उद्घाटक व अध्यक्ष बसणार होते. विज्ञानाचे पेपर ‘वधूपक्ष’ अशी पाटी असलेल्या खोलीत होते, कला आणि वाणिज्यचे ‘वरपक्ष’च्या. मला त्यातलं काहीही खटकलं नाही. मी दोन्ही पाट्यांखाली उभं राहून फोटो काढून घेतले.

“चला, म्हणजे आपण विरुद्ध पक्षांत,” उमाळे सर हसून म्हणाले.

उमाळे सर आमच्या कॉलेजात वाणिज्य शिकवायचे. त्यांच्या नावावर एक्केचाळीस पेपर होते. कॉलेजातल्या नव्या माणसाला परिषदेची दीक्षा तेच द्यायचे, आणि जीपमध्ये बसल्यापासून त्यांनी माझी तयारी करून घेतली होती.

“बाई, पेपर वाचायचा नसतो, सादर करायचा असतो. पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य, धन्यवाद. तीन मिनिटांत खाली उतरायचं. अध्यक्षांना जेवायला जायचं असतं.”

“आणि कुणी प्रश्न विचारला तर?”

“कोण विचारणार?” सरांनी निरागसपणे विचारलं.

जीपमध्ये आमच्याबरोबर तिसरे होते तायडेकाका, आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. श्रीपत तायडे. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेला, उंच, वाळका माणूस. त्यांच्या मांडीवर अख्ख्या प्रवासात एक कुंडी होती. कुंडीत ज्वारीचं एक रोप आणि त्याच्या बुडाशी पांढऱ्या बारीक फुलांचा टारफुला. टारफुला म्हणजे ज्वारीच्या मुळांना जमिनीखालून चिकटून तिचा रस पिणारं तण. वरून पाहिलं तर नाजूक, देवाला वाहावंसं वाटणारं फूल, आणि ज्वारी मात्र उभ्या उभ्या वाळत जाते. माझा पेपर या टारफुल्यावरच होता. जिवंत नमुना दाखवला की छाप पडेल असं मला वाटलं, आणि ती कुंडी हिंदकळू न देता आणणं काकांशिवाय कुणाला जमलं नसतं.

आता मला एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या सकाळी मी स्वतःलाही सांगत नव्हते. पेपर माझा होता, पण आकडे काकांचे होते.

काकांची गावाकडे दोन एकर जमीन होती. दरवर्षी पोळा झाला की ते जुन्या बाजेची लाकडी चौकट घेऊन ज्वारीत जात, ती पाच ठिकाणी टाकत आणि चौकटीच्या आत टारफुल्याची किती रोपं आली ते मोजून वहीत लिहीत. आदल्या वर्षी ज्या तुकड्यात तीळ होता तो एक, आणि ज्यात ज्वारीमागे ज्वारीच होती तो दुसरा. हे त्यांनी अकरा वर्षं केलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. मी एकदा विचारलं, “काहो काका, कशासाठी?” तर म्हणाले, “तिळाच्या मागं हे हरामखोर कमी येते असं माह्या बापाचं म्हननं होतं. खरं बोलत होता का, ते पाहाव म्हटलं.”

ती वही त्यांनी मला आपणहून दिली होती. “घ्या बाई, तुमच्या कामी पडत असंन तं.” मी ती तीन रात्री बसून उतरवली, तक्ते केले, आलेख काढले. मी इतकी हरखले होते की जेवणाचं भान नव्हतं. त्याच आठवड्यात प्राचार्य भारसाकळे सरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं होतं, “मूल्यांकन समिती येते आहे. मार्चच्या आत प्रत्येकाचं एक आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र फाइलला पाहिजे. राष्ट्रीय चालणार नाही.” माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. उमाळे सरांनी नवलाखेंचा ईमेल पत्ता दिला. मी निबंध पाठवला आणि चहा टाकायला उठले. चहाला उकळी फुटायच्या आत उत्तर आलं होतं: आपला शोधनिबंध तज्ज्ञांच्या समितीने काळजीपूर्वक तपासून स्वीकारला आहे. मी आनंदानं ओरडले. शेजारच्या काकू धावत आल्या.

निबंध दोन पानांत बसवायचा होता, तिसऱ्या पानाला जास्तीचं शुल्क. सगळं बसलं, फक्त शेवटची ओळ तिसऱ्या पानावर जात होती. ‘श्री. श्रीपत तायडे यांचे आभार.’ मी ती काढून टाकली. अक्षर थोडं बारीक केलं असतं तरी ती बसली असती.

तर उद्घाटन झालं. समई पेटली, शाली झाल्या, नारळ झाले. परिषद आंतरराष्ट्रीय कशी, ते मला तेव्हा कळलं. स्टेजवर एक उंच, काळासावळा, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेला तरुण बसला होता आणि नवलाखे माइकवर सांगत होते, “आफ्रिका खंडाचं प्रतिनिधित्व करण्यासाठी आपल्यात साक्षात उपस्थित आहेत...” मग त्यांनी चिठ्ठीत पाहिलं, “डॉ. बराका!”

तो तरुण माइकपाशी आला आणि म्हणाला, “नमस्कार. मी डॉक्टर नाही अजून. दोन वर्ष बाकी आहे.”

सभागृहात हशा पिकला. नवलाखेंनी सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या आणि त्याला खाली बसवलं. तो टांझानियाचा होता, इथल्या कृषी विद्यापीठात पीएच.डी. करत होता, आणि त्याच्या मेसच्या मालकानं त्याला ‘जा, चांगलं जेवण आहे’ असं सांगून पाठवलं होतं. हे त्यानं मला नंतर स्वतःच सांगितलं.

वधूपक्षाच्या खोलीत आम्ही चौदा जण होतो. भिंतीला लागून गाद्यांची चळत, कोपऱ्यात मोठा आरसा. सत्राचे अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक होते आणि त्यांच्यापुढे टेबलावरची घंटी होती. कुणीही उभं राहिलं की ते घड्याळ पाहायचे. पहिल्या अर्ध्या तासात सात पेपर झाले. एकानं नुसतं शीर्षक वाचलं. एका बाईंनी शीर्षक अर्धं वाचलं तेवढ्यात घंटी वाजली, त्या “थँक्यू” म्हणून बसल्या आणि सगळ्यांनी टाळ्या दिल्या. ज्याचा पेपर झाला तो उठून प्रमाणपत्राच्या रांगेत जात होता. मला वाटलं, बिचाऱ्यांना घाई असेल. माझं तसं नव्हतं. माझ्या हातात बारा कार्डं होती, प्रत्येकावर मुद्दे.

आठवा नंबर माझा. काकांनी कुंडी आणून टेबलावर ठेवली, बाहीनं तिच्याखालची माती पुसली आणि ते दाराशी जाऊन उभे राहिले.

मी बोलायला लागले. सुरुवातीला आवाज कापला, मग सुटला. टारफुला काय करतो, तिळाच्या तुकड्यात तो किती कमी आला, सगळं मी धडाधड सांगितलं. शेवटी म्हटलं, “गेल्या अकरा वर्षांच्या निरीक्षणांतून असं दिसतं की काळ्या जमिनीत टारफुला तिळामुळे निम्म्याहून खाली येतो. पांढऱ्या जमिनीत मात्र हा परिणाम फारसा दिसत नाही.”

घंटी वाजली. “सुंदर! पुढचे,” अध्यक्ष म्हणाले.

“सर, मी विचारू?”

मागच्या गादीवर बसलेला बराका उभा राहिला होता. त्याला या खोलीत कुणी बसवलंही नसावं, तो कुंडी पाहून आपणहून आत आला होता. त्याची नजर अजूनही कुंडीवरच होती.

“प्रश्नोत्तरांना वेळ नाही,” अध्यक्ष म्हणाले.

“छोटा आहे,” तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. “मॅडम, आमच्याकडे हा आहे. किडुहा म्हणतात. गुलाबी फूल. माझ्या आईच्या शेतात ज्वारी सगळा खाल्ला त्याने. म्हणून मी इकडे शिकायला आला.” मग त्याने परिषदेच्या निबंधांचं छापलेलं जाडजूड पुस्तक उघडून त्यात बोट ठेवलं. दोनशे बारावं पान. त्या दिवशी ते पुस्तक उघडलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. “तुम्ही लिहिला, काळी जमीन आणि पांढरी जमीन. पण शेत एकच लिहिला, दोन एकर. दोन एकरात दोन प्रकारची जमीन कशी? आणि अकरा वर्ष...” तो अडखळला, संकोचानं हसला. “सॉरी. तुमचा वय किती आहे? तुम्ही शाळेत असताना सुरू केला?”

खोलीत दोघंतिघं हसले. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दया होती. त्यांनी घंटी उचलली, जोरात वाजवली आणि म्हणाले, “वेळ संपली. मॅडम, बसा तुम्ही. काही हरकत नाही.”

मी बसू शकले असते. खुर्ची माझ्या मागेच होती. बसले असते तर पाच मिनिटांत प्रमाणपत्र हातात असतं आणि आज ही गोष्ट सांगायला काही उरलं नसतं. पण माझ्या डोक्यात प्रमाणपत्र नव्हतंच. डोक्यात वही होती. काकांच्या वहीत तिळाच्या तुकड्यातल्या प्रत्येक आकड्याच्या पुढे ‘का’ किंवा ‘पां’ लिहिलेलं होतं. त्याचा अर्थ मी माझ्या मनानं लावला होता. काळी आणि पांढरी. दोन एकरात दोन जमिनी कशा, हे मला, वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईला, तीन रात्रींत एकदाही सुचलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि त्याच वेळी एक भयंकर उत्सुकता मला खाऊ लागली. मग ते ‘का’ आणि ‘पां’ आहे तरी काय?

“उत्तर मला माहीत नाही,” मी म्हटलं. “हे काम मी केलेलं नाही. ज्यांनी केलं ते तिथे उभे आहेत. काका, या ना पुढे.”

काका जागचे हलले नाहीत. “मले काहून ओढता बाई त्यात? तुमचं चाललं ते बराबर हाय.”

“नाही ना बरोबर! काका, वहीत ‘का’ आणि ‘पां’ लिहिलंय, ते काय?”

“ते?” काका एवढंसं हसले. “तो तीळ हाय. काळा तीळ आन् पांढरा तीळ. जमीन तं सारी एकच हाय आपली, काळी.”

बराकाला पहिल्यांदा कळलं नाही. मी त्याला इंग्रजीत सांगितलं, फरक जमिनीचा नाही, तिळाचा आहे. मग त्याचे डोळे असे मोठे झाले की मला आजही ते दिसतात. “काळा तीळ? फक्त काळा तीळ?” तो गाद्या ओलांडून थेट काकांपाशी गेला. “बियाणं कुठला? अजून आहे?”

“घरचंच हाय. मायच्या वेळचं. मडक्यात राखून ठेवतो राखेत.”

“आणि मोजला कसा?”

“बाज टाकून.”

“बाज?”

काकांनी दोन्ही हातांनी हवेत चौकट काढून दाखवली. बराका खो-खो हसत सुटला. ते हसू थट्टेचं नव्हतं. आपल्या घरचं माणूस परक्या स्टेशनवर अचानक दिसावं तसं ते होतं. त्याच्या विद्यापीठात त्या चौकटीला मोठं इंग्रजी नाव होतं आणि ती लोखंडाची होती.

दाराशी गलका ऐकून नवलाखे आले. मागून उमाळे सर.

“काय चाललंय? हे गृहस्थ कोण? यांची नोंदणी झाली आहे का?”

“आमच्या लॅबचे परिचर आहेत,” मी म्हटलं.

“मॅडम, आंतरराष्ट्रीय व्यासपीठ आहे हे! इथे नोंदणी केल्याशिवाय बोलता येत नाही.”

“सर, मग त्यांचंही नाव घाला. पेपर त्यांचा आहे. पहिलं नाव त्यांचंच हवं होतं, मी घातलं नाही.”

उमाळे सर नवलाखेंच्या खांद्यामागून मला खुणा करत होते. ओठांवर बोट, मग हात जोडून नमस्कार, मग पुन्हा ओठांवर बोट.

“पुस्तक छापून झालं आहे,” नवलाखे म्हणाले. त्यांचा आवाज आता गोड राहिला नव्हता. “म्हणजे तुम्ही असं म्हणताय की छापलेला पेपर तुमचा नाही? तसं लेखी द्याल? मग मला प्रमाणपत्र देता येणार नाही. आणि तुमच्या प्राचार्यांना कळवावं लागेल. विचार करा.”

“बाई,” काका खालच्या आवाजात म्हणाले, “नावाचं काय करू मी? मले दीड वर्सात घरी जायचं हाय. तुमची नोकरी हाय. बसा गुमान.”

मी विचार केला असं म्हणणं खोटं ठरेल. मी बाराव्या कार्डाच्या पाठीमागे लिहिलं की निरीक्षणं श्री. श्रीपत तायडे यांची आहेत, त्यांचा अर्थ लावताना माझी चूक झाली आहे, म्हणून मी हा निबंध मागे घेते. सही केली. कार्ड नवलाखेंच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं, माझ्या गळ्यातला बिल्ला परत मागितला, आणि तोही मी काढून दिला.

“आता बाहेर जाऊन बोला,” ते म्हणाले. “पुढचे प्रतिनिधी खोळंबलेत.”

आम्ही बाहेर गेलो. मागच्या अंगणात स्वयंपाक चालला होता. तीन मोठ्या शेगड्या, पिठाची परात, पुऱ्या लाटणाऱ्या चार बायका. तिथे एका उलट्या घमेल्यावर काका बसले आणि बराका त्यांच्यासमोर उकिडवा बसला. मी मध्ये, एकाचं दुसऱ्याला सांगत. कसे प्रश्न विचारले त्यानं! तीळ काढल्यावर मुळं रानातच राहू देता का? मधल्या दुष्काळी वर्षी काय झालं? बाज टाकताना जागा कशी निवडता? काका म्हणाले, “रानाकडं पाठ करून टाकतो. पाहून टाकली तं मानूस आपल्या मनाजोगती जागा पाहाते.” बराकानं हे वाक्य माझ्याकडून दोनदा सांगून घेतलं आणि वहीत लिहिलं.

मग काकांनी कुंडी आडवी केली, माती हलक्या हातानं झाडली आणि ज्वारीचं मूळ बोटावर घेतलं. टारफुल्याचं मूळ जिथे ज्वारीच्या मुळात घुसलं होतं तिथे मोहरीएवढी गाठ होती. आम्हा तिघांची डोकी एकत्र आली. मी ही गाठ पुस्तकात शंभरदा पाहिली होती, मुलांना फळ्यावर काढून दाखवली होती. खरी, ओली, बोटावरची गाठ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

पुऱ्या लाटणाऱ्यांपैकी एक बाई कधीची आमच्याकडे पाहत होती. पदरानं कपाळ पुसत ती म्हणाली, “आमच्या माहेरी टारफुला आला का त्या तुकड्यात दुसऱ्या साली भुईमूंग टाकत. मंग कमी येते.”

बराका गर्रकन वळला. “कोणता गाव?”

“ह्या मानसाले काय करायचं माह्या माहेराचं?” ती लाजून बाकीच्यांकडे पाहत म्हणाली आणि चौघीही हसल्या. पण तिनं गाव सांगितलं, भुईमुगाची जात सांगितली, आणि कुठल्या सासूनं तो बंद केला तेही सांगितलं. मी लिहून घेत होते. आत माइकवरून नावं पुकारली जात होती, प्रमाणपत्र, फोटो, टाळ्या, पुन्हा प्रमाणपत्र. आम्ही इतके रंगलो होतो की जेवणाच्या पंगती उठल्या ते कळलं नाही. शेवटी त्या बाईनंच आम्हाला तिथेच, शेगडीपाशी, गरम पुऱ्या वाढल्या. बराकानं अकरा खाल्ल्या.

परतताना जीपमध्ये उमाळे सरांच्या मांडीवर प्रमाणपत्राचा जाड लिफाफा होता. बाळापूर गेलं तसं ते एकदम म्हणाले, “बाई, तुम्ही मूर्खपणा केलात.”

“हो सर.”

“भारसाकळे तुम्हाला सोडायचे नाहीत.”

“हो सर.”

पुढच्या फाट्यावर त्यांनी लिफाफा पिशवीत सारला. मग म्हणाले, “हे माझं बेचाळिसावं. इतक्या वर्षांत मला कुणी वय विचारलं नाही.” थोड्या वेळानं ते मागे वळले. “तायडे, ती गाठ फेकली तर नाही ना? दाखवा बरं मला.”

काकांनी रुमालात गुंडाळलेलं मूळ पुढे केलं. उमाळे सर चष्मा कपाळावर चढवून ते खिडकीच्या उजेडात पाहत राहिले.

भारसाकळे सरांनी मला खरंच सोडलं नाही. नवलाखेंचं ईमेलवरचं पत्र आमच्या आधी पोचलं होतं. माझं कायम होणं दोन वर्षं लांबलं. आईनं महिनाभर माझ्याशी नीट बोलणं टाकलं. शिक्षकांच्या खोलीत मी गेले की गप्पा थांबायच्या. हे सगळं झालं आणि त्याचा त्रासही झाला, ते मी नाकारत नाही.

पण पुढच्या पोळ्यानंतर बराका सायकल एसटीच्या टपावर टाकून काकांच्या गावी आला. त्यानं लोखंडी चौकट आणली होती. काकांनी ती हातात घेऊन वजन पाहिलं आणि बाजूला ठेवली. आम्ही बाजच वापरली. दोन हंगाम आम्ही तिघांनी मोजलं. काळा तीळ, पांढरा तीळ, भुईमूग, नुसती ज्वारी, चार तुकडे आणि शिवाय साठ कुंड्या. काका निवृत्त झाले ते आमच्या पथ्यावर पडलं. ते रोज सकाळी जाऊन पाहायचे. मग मी आणि बराकानं बसून निबंध लिहिला. वर पहिलं नाव श्रीपत तायडे, दुसरं माझं, तिसरं त्याचं. परदेशातल्या एका नियतकालिकाला पाठवला. तिथे शुल्क नव्हतं आणि उत्तरही नव्हतं. एक महिना गेला, तीन गेले, पाच गेले. मी रोज ईमेल उघडायची.

सहाव्या महिन्यात उत्तर आलं. मी ते कॉलेजच्या संगणकावर वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्यांनी निबंध स्वीकारला नव्हता. फेटाळलाही नव्हता. दोन परीक्षकांनी मिळून सतरा आक्षेप काढले होते. तक्ता तीनमधली बेरीज जुळत नाही. कुंड्यांना पाणी किती दिलं ते लिहिलेलं नाही. ‘काळा तीळ’ म्हणजे नेमका कोणता वाण. पाचव्या परिच्छेदातला दावा आकड्यांपेक्षा मोठा आहे. असे सतरा. उत्तर द्यायला नव्वद दिवस.

मी त्याची छापील प्रत घेऊन काकांच्या गावी गेले. ते अंगणात तूर पाखडत होते. कसं सांगावं हे मला कळेना. पाच महिने हा माणूस भेटला की विचारायचा, “आलं का बाई?” आणि मी मान हलवायची.

“काका, उत्तर आलंय. पण चांगलं नाही. त्यांनी चुका काढल्यात.”

“किती?”

“सतरा.”

काकांनी सूप खाली ठेवलं. “सतरा?” ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसावं. “म्हंजे त्यायनं सारं वाचलं बाई! शेवटपर्यंत वाचलं!”

“हो, पण काका...”

“अगं ए, चहा टाक!” त्यांनी आत बघून काकूंना हाक मारली, धोतराला हात पुसले, बाज ओढून मला बसायला दिली आणि स्वतः समोर जमिनीवर मांडी घातली.

“हं,” ते म्हणाले, “पयली चूक सांगा.”